दिवेलागणीला बंद केलेला बल्ब

मित्रांनो, लॅपटॉपच्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात बल्बाचं एक इवलंसं चित्र दिसतं, तोच मी. मला एक्स्टेंशन म्हणतात, म्हणजे ब्राउझरला जोडून घेतलेला मदतनीस. मी चालू असलो की व्हिडिओभोवतीचा पांढराफटक उजेड काळोखात बुडवतो, मध्येच लुडबुडणारी चित्रं झाकतो आणि घाईघाईनं बोलणाऱ्याला जरा सबुरीनं बोलायला लावतो. मला बनवणाऱ्या माणसाचे डोळे दुखायचे, म्हणून त्यानं मला बनवलं.

संगमनेरजवळच्या एका गावात मला संस्कृतीनं आणलं. ती नगरला कॉलेजात शिकते. तिची आई सत्यशीला अंगणवाडी सेविका. तिला अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या पर्यवेक्षिकेची परीक्षा द्यायची होती आणि वयाच्या अटीमुळे ही शेवटचीच संधी होती. अंगणवाडी सुटली, गाईंच्या धारा काढून झाल्या, दूध डेअरीला गेलं, की दिवेलागणीला तिला तासभर मोकळा मिळे. तेवढ्यात ती पुण्याच्या एका सरांचे व्हिडिओ बघे. पण तिला अर्धशिशी होती. पांढरा पडदा डोळ्यांसमोर आला की तिचं कपाळ ठणकायला लागे.

संस्कृतीनं मला बसवलं, चालू केलं आणि आईला बजावलं, "आता कशालाच हात लावू नकोस. आपोआप अंधार होईल." पहिल्याच संध्याकाळी सत्यशीलेनं अख्खा धडा डोकं न दुखता ऐकला. "लई गुणाचं हाय गं हे," ती म्हणाली. कौतुक कुणाला नको असतं? मी पार हरखून गेलो.

संस्कृती नगरला परतली आणि माझे दिवस फिरले. सत्यशीलेच्या सासूबाई, छबूबाई, जुन्या वळणाच्या. तिन्हीसांजेला लक्ष्मी घरात येते, तेव्हा घरात केर काढायचा नाही, अंधार करायचा नाही, हा त्यांचा नेम. एके दिवशी सून गॅसवरचं दूध बघायला उठली आणि छबूबाईंना तो काळा पडदा दिसला. वर बल्बाचं चित्र. नातीला ते दाबताना त्यांनी पाहिलं होतं. "ऐन दिवेलागणीला दिवा मालवून ठिवलाय," असं पुटपुटत त्यांनी पडद्यावरचा बाण कसाबसा माझ्यापर्यंत आणला आणि मला बंद करून टाकलं. पडदा लख्ख झाला. छबूबाईंनी त्याला हात जोडले. मला राग आला होता, पण खरं सांगतो, त्या जोडलेल्या हातांपुढे तो टिकला नाही.

सत्यशीलेला वाटलं, मी बिघडलो. लेकीनं लावून दिलेलं, आपला हात लागून आणखी काही व्हायला नको, म्हणून तिनं मला शिवलंसुद्धा नाही. लेकीच्या परीक्षा चालू होत्या, म्हणून तिला कळवलंही नाही. मी कोपऱ्यात जागच्या जागी होतो, असून नसल्यासारखा. सत्यशीला डोळे बारीक करून अभ्यासाला बसे आणि कपाळ धरून उठे. छबूबाईंचा जीव तिळतिळ तुटायचा. त्या सुंठ उगाळून तिच्या कपाळाला लेप लावत, मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढत. "कुनाची नजर लागली गं माज्या सुनंला?" म्हणत. सगळं मला दिसत होतं, पण बोलणार कसं?

दिवाळीच्या सुट्टीत संस्कृती घरी आली, तेव्हा तिची आई अभ्यासाची पुस्तकं दोरीनं बांधत होती.

"न्हाई जमत आता. परीक्षेला बसत न्हाई मी," सत्यशीला म्हणाली.

संस्कृतीनं लॅपटॉप उघडला आणि तिची नजर माझ्यावर गेली. "हे बंद कुणी केलं?"

"मी," छबूबाई ताठ मानेनं म्हणाल्या. "दिवेलागणीला काळोख करत हुतं ते. लक्ष्मी यायची कुठनं?"

"अगं आजी, त्या उजेडानंच मम्मीचं डोकं दुखतंय!"

छबूबाई सुंठ उगाळत होत्या. त्यांचा हात थांबला. "म्हंजी दुकवायचं बी मीच आन् लेप बी मीच लावायचा, असं झालं व्हय," एवढंच त्या बोलल्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"ऱ्हाऊ द्या आत्या, तुमाला काय ठावं," सत्यशीला म्हणाली. पण पुस्तकांची दोरी तिनं सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला छबूबाईंनी आधी तुळशीपुढे आणि देव्हाऱ्यात दिवा लावला. मग हात पदराला पुसून त्या लॅपटॉपपाशी आल्या. "घरातला दिवा लागला. आता ह्यो मालवला तरी लक्ष्मी रुसायची न्हाई," असं म्हणून त्यांनी मला स्वतःच्या हातानं चालू केलं. पडदा काळा झाला. पुस्तकांची दोरीही त्यांनीच सोडली. "बस आता. भाकरी मी थापते," त्या सुनेला म्हणाल्या. परीक्षेच्या दिवसापर्यंत त्यांनी तिला संध्याकाळी चुलीकडे फिरकू दिलं नाही.

सत्यशीला पास झाली. आता ती श्रीगोंद्याकडच्या अंगणवाड्या बघते. मी मात्र याच जुन्या लॅपटॉपात आहे. मला बनवणाऱ्यानं माझ्याकडे बघणं सोडलंय आणि ब्राउझर बजावतोय, की हा मदतनीस जुना झाला, लवकरच बंद होईल. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

पण मित्रांनो, माझ्या जागी दुसरा कुणी मिळेल. तुमच्या घरात कुणी शिकताना कपाळ धरून बसलं, तर "सोडून दे" म्हणण्याआधी, अगदी लेप उगाळण्याआधीही, क्षणभर त्या माणसाच्या शेजारी बसा आणि त्याच्या डोळ्यांसमोर काय आहे ते बघा. आमच्या घरात सगळ्यांचा सत्यशीलेवर जीव होता, तरी तेवढं करायला दिवाळी उजाडावी लागली.