कादंबरीकाराच्या बायकोची वाक्यं

मला पीएचडीला दोन गाइड आहेत, म्हणजे दोन सासवाच. गणिताचे सर वरच्या मजल्यावर, साहित्याच्या मॅडम समोरच्या इमारतीत आणि मधल्या आवारात हेलपाटे घालणारी मी. ते एकमेकांशी बोलत नाहीत. 'तुझ्या मॅडमना विचार' आणि 'तुझ्या सरांना सांग' एवढ्यावर आमचं संयुक्त संशोधन चालतं.

प्रश्न तसा सरळ होता. एका नावाजलेल्या कादंबरीकाराची शेवटची कादंबरी खरं तर त्याच्या बायकोने लिहिली, असं त्यांची मुलगी आयुष्यभर सांगत आलीय. आता ती म्हातारी झालीय, मी तिला मावशी म्हणते. कादंबरी पुन्हा छापायला निघालेला प्रकाशक म्हणाला, विद्यापीठाने लिहून दिलं तर मुखपृष्ठावर आईचं नाव टाकतो, पण छपाईला जायच्या आत. मावशींच्या आईच्या स्वतःच्या नावावर काही कथा छापलेल्या आहेत. लिहिणारा वाक्य किती लांबवतो, कुठे थांबतो, हे कॉम्प्युटरने मोजायचं आणि कादंबरी नवऱ्याशी जुळते की बायकोशी ते बघायचं.

उत्तर आलं. नवरा, बायको आणि कादंबरी, सगळं एकाच हातचं! पडताळणीसाठी घेतलेला एक तिऱ्हाईत लेखकसुद्धा त्यांच्याच घरातला निघाला. मी कपाळावर हात मारला.

"गणित बरोबर आहे," सर म्हणाले. "हे लेखक लोक सगळे सारखेच लिहितात."

"साहित्य मोजता येत नाही, हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं," मॅडम म्हणाल्या.

दोघंही खूश. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मावशींना तोंड मलाच दाखवायचं होतं. मी निकाल सांगितला. त्यांनी उठून कपाटातून कादंबरीची पहिली आवृत्ती काढून माझ्यापुढे ठेवली. पहिलंच वाक्य पान ओलांडून पलीकडे गेलेलं. माझ्या फाइलमध्ये त्याच वाक्याचे तुकडे तुकडे झाले होते.

तशीच मॅडमकडे गेले. फाइली त्यांनीच दिल्या होत्या.

"अगं, पोरांना शिकवायला टाइप करून घेतल्या होत्या. एवढी लांब वाक्यं पोरांना झेपतात का? तोडली मी जराशी."

"सगळ्याच पुस्तकांमधली?"

"मग? भेदभाव कशाला करायचा?"

म्हणजे इतके महिने मी मॅडमनाच मोजत होते. वर सरांकडे गेले, तर तिथे आणखी गंमत. मॅडमच्या तावडीतून सुटलेली काही लांब वाक्यं सरांनी चुकीच्या नोंदी समजून काढून टाकली होती. "इतकं लांब कोण लिहितं?" असं मलाच विचारलं. रडावं की हसावं तेच कळेना.

मग मावशींच्या जेवणाच्या टेबलावर बसून जुन्या आवृत्त्यांमधून सगळं जसंच्या तसं टाइप केलं. बोटं दुखायला लागली तशी मी वैतागले.

"मावशी, तुमच्या आई थांबायच्याच नाहीत का हो?"

"थांबली की कुणीतरी हाक मारायचं गं. पाणी आण, चष्मा कुठाय, दारात कोण आलंय बघ. लिहिताना दिसली की जरा वेळ सोडायचे, पण पेन खाली ठेवलं की संपलं. बाबांना कोण हाक मारणार? ते आरामात थांबत थांबत लिहायचे."

 मी पुढचं वाक्य टाइप करायला घेतलं.

या वेळी कादंबरी बायकोशी जुळली. नवरा पार लांब राहिला आणि तिऱ्हाईत लेखक आपल्या घरी गेला.

सह्यांसाठी दोघांना पहिल्यांदाच एका खोलीत बसवलं. मी अहवाल उघडते न उघडते तोच सर म्हणाले, "पण तुझ्या मॅडमनी..." आणि मॅडम म्हणाल्या, "आधी तुझ्या सरांना..." मी श्वास भरून घेतला आणि सुरू झाले, की वाक्यं मॅडमनी तोडली आणि उरलेली सरांनी फेकली आणि दोघांनीही ते मला सांगितलं नाही आणि तरी मी सगळं परत टाइप करून परत मोजलंय आणि आकडे तुमच्या समोर आहेत आणि प्रकाशक आज संध्याकाळपर्यंतच थांबणार आहे आणि मावशी बाहेर बाकावर बसल्यात आणि सर तुम्ही इथे सही करा आणि मॅडम तुम्ही त्याच्या खाली आणि हे घ्या पेन.

दोघांनी सह्या केल्या, तेव्हाच मी थांबले.