रविवारचा दवाखाना

आमच्या ह्यांना समाजसेवेचा झटका आला तो अठ्ठावन्न साली. जयपूरला चांदपोलमध्ये खाली दवाखाना, वर आमचं बिऱ्हाड. ह्यांनी आसपासचे डॉक्टर जमवून मंडळ काढलं. शहराबाहेर चामडं कमावणाऱ्यांची वस्ती होती. तिथं दर रविवारी पाळीपाळीनं जायचं, फुकट तपासायचं, औषधं द्यायची. बैठका आमच्याकडे, म्हणजे चहा-पोहे माझ्या गळ्यात. तरी मला ह्यांचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू! ह्यांच्या पाळीला मीही जायची, पट्ट्या बांधायची. तिथली भूरी माझी मैत्रीणच झाली. तिची लहानगी लाली तर माझ्या मांडीवरून उठायची नाही.

एका बुधवारी खिडकीतून पाहते तर भूरी दवाखान्याच्या पायरीखाली उन्हात बसलेली, मांडीवर तापानं फणफणलेली लाली. कंपाउंडर मिश्रीलाल तिला सांगत होता, "डाक्टर साब इतवार को आते हैं ना तुम्हारे यहाँ? तब दिखाना."

माझं डोकंच फिरलं. खाली गेले, दोघींना आत आणून बाकावर बसवलं.

बाकावरच्या शेठाण्या उठल्या. पदर सावरत निघून गेल्या. ह्यांनी लालीला तपासलं, औषध दिलं, सगळं नीट केलं. मग भूरीला हळूच म्हणाले, "इधर मत आया करो. हम आते हैं ना."

जेवताना मी भांडले. "अहो, त्यांनी काय रविवार बघून आजारी पडायचं?"

"माधवी, हे पेशंट तुटले तर वस्तीची औषधं कशातून आणू?"

ह्यांचं म्हणणं खरं होतं, म्हणून मी आणखीच चिडले.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत चहा ठेवता ठेवता मी विषय काढलाच. वस्तीतल्या लोकांना आपापल्या दवाखान्यात रोज का येऊ देत नाही? डॉक्टर माथुर म्हणाले, "भाभीजी, फिर तो हमें ही बस्ती में जाकर रहना पड़ेगा." सगळे हसले. हेही हसले, त्याचा मला फार राग आला. शेवटी ठरलं काय, तर रविवारी एकाऐवजी दोन डॉक्टरांनी जायचं. वर टाळ्या!

थंडीतल्या एका रविवारी आम्ही वस्तीत पोचलो. भूरी नेहमीसारखी बायकांची रांग लावत होती. लाली दिसेना. मी विचारलं.

"गला सूज गया था, बाईजी. मंगल को. सांस ही नहीं ली जा रही थी."

घटसर्प. वेळेत इंजेक्शन मिळतं तर पोर वाचली असती. माझ्या तोंडून निघून गेलं, "तो लाई क्यों नहीं?"

तिनं ह्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"डाक्टर साब ने मना किया था ना. मैंने लाली से बोला, इतवार तक रुक जा."

हे खुर्चीतून उठले. म्हणाले, "कल से सब मेरे दवाखाने में आना. रोज आना."

रांगेतलं कोणी हललं नाही. भूरीनंच विचारलं, "बैठेंगे कहाँ, साब?"

हे आता म्हणतील, बाकावर. मी वाट पाहत राहिले. हे खाली मान घालून उभे होते.