आजोबांच्या रानाचा नकाशा

नकाशातला तो कोरा तुकडा दिसला आणि खामफेंगच्या डोक्यात तिडीक गेली. विहाराच्या मंडपात, सरकारी कचेरीतल्या विरुतने कागद पसरला होता. पूर्वेला ओढा, ओढ्यापलीकडे पुरात बुडणारं बांबूचं बन, पश्चिमेला चिकट भाताची खाचरं, मधे गाव. सगळं जिथल्या तिथे. उत्तरेला आजोबांचं रान, म्हणजे गाव वसवणाऱ्या मूळपुरुषाचा आत्मा राहतो ते; तिथे मात्र कागदावर काहीच नव्हतं.

"जागा रिकामी आहे," विरुत म्हणाला. "म्हणून सरकारी तलाव तिथेच खोदायचा. परवा मशीन येतंय."

"रिकामी? तुझं डोकं रिकामं, मेल्या!"

"मावशी, नकाशा तुमच्याच हातचा आहे."

तेच तर झोंबत होतं. गेल्या वर्षी गावाने पेन्सिल तिच्या हाती दिली होती. आजोबांच्या रानात कुणी काठीसुद्धा तोडत नाही, मग कागदावर तरी रेघ कशी ओढायची? तिने तो भाग अदबीने कोरा सोडला होता. गावात एकालाही त्यात वावगं वाटलं नव्हतं.

"आत काय आहे ते काढून दाखवा. वर कळवतो," विरुत म्हणाला.

तिने पेन्सिल उचलली.

"फेंग, नको," तिचा थोरला भाऊ बुनथान म्हणाला. आजोबांची पूजा त्याच्याकडे होती. "कोपतील ते."

"कोपू देत! रानच गेलं तर राहतील कुठे, दादा?"

रागारागाने तिने सगळं काढलं. उंच यांगची झाडं, आजोबांचं लाकडी घर, अळंब्यांचा उतार, ओढ्याकडून आत जाणारी गाडीवाट. कागद दोनदा फाटता फाटता राहिला.

विरुतने तो वळवून पाहिला आणि त्याचा चेहरा खुलला. "ही वाट बरी सापडली! मशीन आत कुठून घालायचं, हाच घोर होता."

मग ती उठली आणि कागदावर फतकल मारून बसली, नेमकी आजोबांच्या घरावर. हा केवढा अपराध, हे तिला पुरतं ठाऊक होतं. संतापाने तिचे डोळे भरून आले.

"ने आता नकाशा. आधी मला उचल!"

"काका, तुम्ही तरी सांगा यांना," विरुत बुनथानला म्हणाला.

बुनथानने रानाच्या दिशेने हात जोडले. मग लुंगी सावरत तो बहिणीपाशी आला.

"सरक थोडी," म्हणाला, आणि तिच्याशेजारी कागदावर बसला.