एकतिसाव्या पानाखालची जागा

मी एक जुनी आज्ञा आहे, संगणकाला दिलेली. ज्या वर्षी वहिनींचा थोरला पहिलीत गेला आणि त्याच्याशेजारी बसून त्याच्या आजीनेही, म्हणजे वहिनींच्या सासूबाईंनीही, अक्षरं गिरवली, त्या वर्षी वहिनींनी मला लिहिलं. वहिनी घरीच संगणकावर पुस्तकांची अक्षरजुळणी करत. कवितेच्या दोन कडव्यांमध्ये किती जागा सोडायची, एवढंच मी सांगते. माझ्या पोटातला आकडा बदलला की अख्ख्या पुस्तकातली कडवी सरकतात.

मित्रांनो, मी स्वतः कागदावर कधी उमटत नाही. तरी कवी पान उघडून म्हणत, "कविता कशी ऐसपैस बसलीय." मला तेवढं पुरे होतं.

पुढे आजींनीच वहीभर कविता लिहिल्या. एक त्यांच्या धाकट्या लेकीवर होती. पहिल्या कडव्यात त्या लेकीची वेणी घालतात. दुसऱ्यात फणी उरते, लेक नसते. वहीत या दोन कडव्यांच्या मधे अर्धं पान कोरं होतं.

आमच्यात एक खोट आहे. दोन कडव्यांच्या मधेच पान संपलं, तर यंत्र आम्हाला वगळतं. शेजारी चांदणीची खूण (*) टाकली, तरच पुढच्या पानाच्या डोक्यावर आम्ही टिकतो. वहिनींनी या कवितेत ती टाकली होती.

मग प्रकाशक आले. "चौसष्ट पानांत बसवा, वहिनी. कडव्यांमध्ये एवढं मैदान कशाला? पोरं खेळायला सोडायचीत का?"

वहिनी हसल्या. त्यांनी माझा आकडा निम्मा केला. तरी चार ओळी बाहेर राहत होत्या, म्हणून चांदणीही पुसली. "आईंना कुठे कळणार आहे," असं पुटपुटल्या. मला ते लागलं, पण आज्ञेला उलट बोलता येत नाही.

प्रकाशनाच्या दिवशी आजी स्वतः वाचायला उभ्या राहिल्या. उशिरा शिकलेलं माणूस छापलेल्या ओळीवर बोट ठेवून चालतं. एकतिसावं पान संपलं, त्यांनी ते उलटलं, आणि वेणीवरून त्या थेट फणीवर येऊन आदळल्या. त्यांनी पान मागं उलटून पाहिलं. लोकांना वाटलं, म्हातारीचं पान चुकलं. त्या कविता अर्धी टाकून खाली बसल्या.

घरी आल्यावर चपला काढता काढता त्यांनी विचारलं, "मधली जागा कुठे गेली गं?"

"पानं वाढत होती, आई."

"धाकटी गेली तेव्हा सहा महिने मला एक अक्षर लिहवलं नाही. ते सहा महिने होते तिथं. मला एकदा विचारायचंस. मी काय परगावी राहते?"

दुसऱ्या दिवशी वहिनींनी माझा आकडा पूर्ववत केला, चांदणी परत टाकली. पण छापलेल्या प्रती वाटून झाल्या होत्या. आजींनी पुन्हा ते पुस्तक हातात धरलं नाही.

मित्रांनो, कुणाच्या लिहिण्यात कोरी जागा दिसली, तर ती भरण्याआधी किंवा पुसण्याआधी त्या माणसाला विचारा. माणूस हाताशी आहे तोवर विचारा.

दुसरी आवृत्ती उन्हाळ्यात निघाली. आजी त्याआधी, थंडी सरताना, एका मंगळवारी सकाळी वारल्या.