ताईचा थांबा

आमचे भावोजी शहरातल्या बसगाड्यांची वेळापत्रकं आखतात. कुठल्या थांब्यावर गाडी किती वेळ उभी राहील, हे ठरवायचं, हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा. धंदा कचेरीत ठेवून माणसानं घरी यावं, पण यांचं तसं नाही. यांच्याकडे जेवायला गेलं की पहिला घास गिळायच्या आत पुढच्या पदार्थाची सूचना मिळते.

आमच्याकडे दरवर्षी संगीत महोत्सव भरतो. नगरभवन, वाचनालय, जुना छापखाना, जिथे म्हणून चार खुर्च्या मावतील तिथे कोणी ना कोणी गात-वाजवत असतं. मनगटावर कागदी पट्टी बांधली की कुठेही शिरावं, कुठूनही निघावं. सगळे कार्यक्रम एकाच वेळी चालू, तेव्हा एक ऐकायचा तर बाकीचे सोडायचे. शेंबड्या पोरालाही हे कळेल. भावोजींना मात्र यात स्वतःचा अपमान दिसतो.

"सोडायचं कशाला? नीट आखलं तर सगळं होतं," असं ते म्हणतात. मग प्रत्येक कलावंताच्या वाट्याला दोन-दोन गाणी येतात. मागच्या वर्षी मी विचारलं, "भावोजी, सगळ्यात चांगलं काय झालं?" त्यांनी मोबाईल काढला, बराच वेळ बोट फिरवलं आणि म्हणाले, "छापखाना. पंखा होता." एक ना धड, भाराभर चिंध्या.

एकट्यानं चिंध्या गोळा केल्या असत्या तरी चाललं असतं, पण यांच्यामागे कचेरीतली सगळी मंडळी असतात. भावोजी आपला आराखडा सगळ्यांच्या मोबाईलवर गजरासकट पाठवतात. गजर झाला की उठायचं आणि पुढच्या ठिकाणी चालू लागायचं. समोर माणूस गात असो की रडत असो.

यंदा या महोत्सवात आमची ताई वाजवणार होती. ताई चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर डोळ्याला दिसणार नाहीत असे स्क्रू पिळते आणि लोकांच्या नाकांवर चष्मे नीट बसवते. लग्नाआधी ती अकॉर्डियन वाजवायची. लग्नानंतर ते कपाटावर गेलं. आई गेली तेव्हा तिनं ते खाली काढलं आणि स्वयंपाकघराचं दार लावून वाजवायला लागली. दार लावायचं कारण असं की बाहेर भावोजींच्या बातम्या चालू असतात.

आईसाठी तिनं एक धून बांधली होती. तिच्यात सुरुवातीला सूरच नाही, नुसता भात्याचा श्वास. आईच्या शेवटच्या दिवसांत आम्ही दोघी उशाशी बसून ऐकायचो, तसा. ती धून मी सोडून कोणी ऐकली नव्हती. ताई शेवटी तीच वाजवणार होती.

"अहो, बाकी काही मागत नाही," ती माझ्यादेखत भावोजींना म्हणाली, "माझं शेवटपर्यंत बसा."

"म्हणजे काय! तुला सगळ्यात मोठा थांबा दिलाय." त्यांनी मोबाईल पुढे केला. थांबा मोठा होता खरा, पण ताईचं संपायच्या आत संपत होता. नंतर नगरभवनात एक नामांकित गायिका होती आणि तिथली दारं लवकर बंद होतात.

"ती गायिका पुढच्या वर्षीही येईल की," मी म्हटलं.

"तुझी ताई तर घरातच आहे," भावोजी म्हणाले.

ताई आधीच पुसलेला ओटा पुन्हा पुसायला लागली. तेव्हा कुठे त्यांना काहीतरी उमगलं असावं. "बरं बाई, बसतो. शेवटपर्यंत बसतो," ते म्हणाले. ताईचा चेहरा असा खुलला की मलाच तिचा राग आला. एवढ्याशा गोष्टीवर माणसानं खुलावं?

तिचा कार्यक्रम एका लाँड्रीच्या माडीवर होता. खालून गरम इस्त्रीचा वास येत होता. भावोजी मंडळींसह पुढच्या दोन रांगा अडवून बसले. ताई सुंदर वाजवत होती, बोटं जराही अडखळत नव्हती. मग ती थांबली. "हे शेवटचं. आमच्या आईसाठी," म्हणाली आणि तिनं भाता हळूच उघडला. तो श्वास खोलीत ऐकू आला.

आणि गजर झाला. एक नव्हे, दोन्ही रांगांमधले सगळे मोबाईल एकदम कोकलले. शब्द देणाऱ्यानं आराखडा बदललाच नव्हता. मंडळी सवयीनं उठली. भावोजीही अर्धवट उठले, दाराकडे बघितलं, ताईकडे बघितलं आणि तसेच वाकून उभे राहिले.

ताईनं भाता मिटला. "निघा," ती शांतपणे म्हणाली. "रांग वाढेल."

कुठल्याही माणसाला त्या आवाजानं खाली बसवलं असतं. भावोजींना हायसं वाटलं. "समजूतदार आहे हो," असं माझ्या कानात कुजबुजून ते जिना उतरले.

खोलीत मी उरले, लाँड्रीवाले काका उरले आणि मागे काही अनोळखी लोक. ताईनं पुन्हा भाता उघडला. मी रडले. आईसाठी रडले आणि त्या रिकाम्या खुर्च्यांच्या संतापानंही रडले.

संध्याकाळी घरी भावोजी नगरभवनाबद्दल बोलायचे थांबत नव्हते. चौकशी केल्यावर कळलं की जागा खांबामागे मिळाली होती, गायिकेची फक्त बाही दिसली. मग ते मोबाईल काढून ताईकडे वळले.

"ते तुझं शेवटचं राहिलं बघ. आता वाजवून दाखव ना जरा. म्हणजे तुझा कार्यक्रम पूर्ण धरता येईल."

ताई अकॉर्डियनच्या पेटीचे पट्टे आवळत होती. "ती गाडी गेली," ती म्हणाली.

"मग पुढची कधी?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

ताईनं पेटी उचलली आणि माझ्या हातात दिली. "तुझ्याकडे ठेव," ती म्हणाली. "वाजवायला मी तिकडेच येत जाईन."