रिकामे हात

लाँड्री माझी. हॉस्पिटलच्या चादरी आमच्याकडे येतात, त्याच कामावर निम्मं घर चालतं. गुडघ्याने दगा दिला म्हणून मी घरी बसले आणि इस्त्रीची खोली थोरल्या मुलाच्या हाती दिली. त्याची एकच पक्की समजूत: रिकामा हात म्हणजे चोराचा हात. आपलं टेबल त्याने इस्त्री करणाऱ्या बायकांकडे तोंड करून मांडलं. बायका त्याला दुर्बीण म्हणतात. मला कुणी सांगितलं नाही, पण मला कान आहेत.

परवा हॉस्पिटलचा निरोप आला: आणखी एक चादर करपलेली आली तर काम दुसऱ्याला देऊ. काठी घेतली आणि लाँड्रीत गेले.

थोरला म्हणाला, "बायका निष्काळजी झाल्यात, आई. दोघींना काढून टाकतो."

"थांब जरा. आधी मला बघू दे."

दारात उभी राहिले. सगळ्या इस्त्र्या नुसत्या धावत होत्या. नीट पाहिलं, तर धुलाईकडून नवा गठ्ठा आलेलाच नव्हता! बायका घडी घातलेल्या चादरी उलगडून त्यांच्यावरच पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवत होत्या. कापड तरी किती सोसणार?

"झालेलं काम परत कशाला गं करतेस?" एकीला विचारलं.

"मग काय करू, आजी? हात थांबला की साहेब घरी पाठवतात."

थोरल्याला बाहेर घेतलं. "चादरी तुझ्या नजरेने करपल्या, कळलं?"

"तूच म्हणायचीस, रिकाम्या हाताला खोड्या सुचतात."

"ते तुला म्हणायचे, गाढवा. आळशी तू होतास. त्या नाहीत."

त्याचं तोंड एवढंसं झालं. वाईट वाटलं, पण खोली त्याच्याकडे ठेवली असती तर काम हातचं गेलं असतं. त्याला माल पोचवायच्या गाडीवर घातलं आणि धाकट्या सुनेला हाक मारली. धुलाई ती सांभाळते. तिच्याकडच्या बायका गठ्ठा संपला की बाकावर बसून खिदळतात, तरी माल वेळेवर निघतो. कसा, ते देव जाणे. मला तर ते बघवतच नाही.

"इस्त्रीपण बघशील?"

"बघेन, आई. पण दारात तुम्हीही उभं राहायचं नाही. तुम्ही आल्यापासून त्यांचे हात दुप्पट पळताहेत."

माझ्या लाँड्रीत मलाच अट! जिभेवर चांगलं खणखणीत आलं होतं. गिळलं.

बाहेर मळक्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर जाऊन बसले. थोड्या वेळाने आतल्या इस्त्र्या थांबल्या. कुणीतरी हसलं. काम संपलं म्हणून हसल्या, की मला हसल्या? काठी उचलली, ठेवली, परत उचलली. पाय काही ऐकेनात, दाराकडेच ओढायला लागले.

शेवटी तिथूनच ओरडले, "अगं ए सूनबाई, ते दार आतून लावून घे बघू!"