रोलवर नसलेली बाई

पृथ्वीराज सरांनी योजनेचं नाव ‘मनमोकळं’ ठेवलं आणि तिच्या उद्घाटनाला केक मागवला. टॉवेलच्या त्या कारखान्यात तानाबाईची तीन बोटं कापली गेली त्याला तेव्हा अकरा दिवस झाले होते. केकसाठी सुरी आली तशा कटिंग खात्यातल्या बायका माना खाली घालून उभ्या राहिल्या. सरांच्या ते लक्षातही आलं नाही. ते एचआरचे मुख्य होते; माणसांकडं बघणं त्यांच्या खात्यात येत नव्हतं.

“प्रत्येक एम्प्लॉयीला सहा काउन्सेलिंग सेशन्स, एकदम फ्री,” ते म्हणाले. “फोनवर. कॉन्फिडेन्शियल. परदेशी कस्टमरसुद्धा हल्ली या गोष्टी बघतात.” मग प्रत्येक खात्यातून दोन नावं हवीत म्हणून त्यांनी यादी फिरवली. मोकळं होण्याचंही टार्गेट होतं.

कटिंगच्या सुपरवायझरनं भुवनेश्वरी येमूलचं नाव लिहून टाकलं. तिला विचारलंही नाही. एकोणीस वर्षं ती टॉवेल कापायच्या मशीनवर होती. तानाबाईचा हात मशीनमध्ये गेला तेव्हा समोरच्या बाजूला तीच होती, मशीन बंद केलं तेही तिनंच. तेव्हापासून मशीन सुरू झालं की तिच्या हातांच्या मुठी वळायच्या. भाकरी थापतानाही मध्येच वळायच्या. काम निम्म्यावर आलं होतं, आणि सुपरवायझरला दुखलं ते तेवढंच.

बोलायला वेलनेस रूम होती. म्हणजे जुनी स्टोअररूम, आत प्लास्टिकचं झाड आणि दाराला मोठी काच. कुणाचं डोकं फिरलंय ते अख्ख्या खात्याला दिसावं अशी सोय.

फोनवर पुण्याहून ऋतुजा नावाची मुलगी होती. “एक ते दहामध्ये आज तुमचा मूड किती आहे?”

“मी टॉवेल मोजते, ताई. मूड कधी मोजला नाही.”

मग तिनं श्वास घ्यायला लावला, रोखायला लावला, सोडायला लावला. पोरगी एवढ्या मनापासून सांगत होती म्हणून भुवनेश्वरीनं सगळं केलं. बाहेर आली तर सर दारातच मोबाइल धरून उभे.

“अंगठा दाखवा बघू. एक फोटो. हलकं वाटतंय ना?”

“आत धूळ लई आहे, सर,” असं म्हणून ती चालू लागली.

दुसरं सेशन तिनं रविवारी घरून घेतलं. पोरं आजोळी गेली होती. ऋतुजानं पुन्हा तेच प्रश्न काढले. भुवनेश्वरी मध्येच म्हणाली, “तुमच्यापुढं कागद आहे ना? तो बाजूला ठेवता येतो का?”

पलीकडं कागद फडफडला. मग, “ठेवला.”

“खरंच?”

“उलटा करून ठेवलाय.”

तेव्हा भुवनेश्वरीनं कुणालाच न सांगितलेलं सांगितलं. त्या दिवशी माल न्यायला गाडी येऊन थांबली होती. तानाबाई नवी, ठेकेदाराकडून आलेली, सावकाश करायची. “मी म्हणाले तिला, हात चालव की, तानाबाई. मी म्हणाले आणि तिचा हात गेला.”

‘यात तुमची काही चूक नाही’ असं ऋतुजा म्हणाली असती तर भुवनेश्वरीनं फोन ठेवला असता. ऋतुजानं विचारलं, “लवकर करा म्हणून तुम्हाला कोण सांगत होतं?”

“सुपरवायझर. सकाळपासून मागं लागला होता.”

“आणि हे तानाबाईंना सांगितलंत?”

“कुठल्या तोंडानं सांगू?”

“आहे त्याच तोंडानं,” ऋतुजा बोलून गेली आणि घाबरली. “सॉरी. असं म्हणायला नको होतं मी.”

भुवनेश्वरीला ती पहिल्यांदा आवडली.

पुढच्या सुट्टीला ती एसटीनं तानाबाईच्या गावी, मंद्रूपला गेली. तानाबाई अंगणात बसली होती, हाताला बँडेज. भुवनेश्वरीनं चहा येण्याआधीच सगळं सांगून टाकलं, फोनवरच्या ऋतुजाचंही.

तानाबाईनं ऐकून घेतलं. “तू म्हनलीस व्हय असं? मला काय आईकू आलं न्हाई. त्या मशिनीत कुणाला काय आईकू येतंय?”

महिनाभर जे शब्द भुवनेश्वरीच्या छातीवर बसले होते, ते पोचलेच नव्हते. तिला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला. तानाबाई तिच्याकडं बघत राहिली.

“तुला ती बाई इचारती तरी,” तानाबाई म्हणाली. “मला समदी हात कसा हाय इचारत्यात. मी कशी हाय, ते कुणी न्हाई इचारत. माज्याशी बोलंल का गं ती?”

सोमवारी भुवनेश्वरी सरांच्या केबिनमध्ये गेली.

“ती आपल्या रोलवर नाही,” सर म्हणाले. “काँट्रॅक्टरची बाई आहे. योजना फक्त पर्मनंट स्टाफला. वाईट मलाही वाटतं. आपण तिला केळी आणि सफरचंदं पाठवली होती की.”

“केळी सोलून पाठवली होती का, सर?”

सरांनी लॅपटॉपकडं पाहिलं. अशी माणसं तिथंच बघतात.

भुवनेश्वरी पुन्हा मंद्रूपला गेली. तिसऱ्या सेशनची वेळ झाली तेव्हा तिनं फोन लावला, आपला कामगार नंबर टाकला आणि फोन तानाबाईच्या डाव्या हातात दिला.

“भुवनेश्वरी येमूलच बोलताय ना?” ऋतुजा म्हणाली. “आवाज वेगळा वाटतोय.”

तानाबाईनं भुवनेश्वरीकडं बघितलं. खोटं बोल असं भुवनेश्वरीनं डोळ्यांनी सांगितलं.

“न्हाई,” तानाबाई म्हणाली. “मी तानाबाई. माजी बोटं गेल्यात.”

“हे नियमात बसत नाही,” ऋतुजा म्हणाली. मग म्हणाली, “बोला, तानाबाई.”

भुवनेश्वरी उठून रस्त्यावर जाऊन उभी राहिली. आतलं तिनं ऐकलं नाही, नंतर विचारलंही नाही.

उरलेली सेशन्सही तानाबाईचीच झाली. शेवटी कारखान्यात अभिप्रायाचा फॉर्म आला. भुवनेश्वरीनं लिहिलं, ‘बाई चांगली आहे. कंपनी नाही.’ योजनेच्या नव्या पोस्टरवर पहिलं वाक्य तेवढं छापून आलं, खाली सरांचं नाव.

तानाबाई आता ‘घरीच बस’ म्हणणाऱ्या घरच्यांशी भांडून मंद्रूपच्या बाजारात भाजी घेऊन बसते, डाव्या हातानं तोलते. भुवनेश्वरीच्या मुठी अजून कधीकधी वळतात. मग ती थांबते. सुपरवायझर ओरडतो, “येमूलबाई, हात चालवा!” ती त्याच्याकडं ढुंकूनही बघत नाही. बोटं आपोआप सुटेपर्यंत उभी राहते, मगच पुढचा टॉवेल ओढते.